आरसीसीबी सारखा पडतोय म्हणून बायपास करू नका

आयटीआयचा इलेक्ट्रिशियनचा दोन वर्षांचा कोर्स संपवून मी एका कॉन्ट्रॅक्टरकडे हेल्पर म्हणून लागलो. पहिलाच पावसाळा होता. लालबागच्या एका चाळीतून फोन आला, आरसीसीबी (करंट कुठे गळला की लाइन तोडणारा स्विच) सारखा पडतोय. मिस्त्री दुसऱ्या साइटवर अडकले होते, म्हणून मी एकटाच गेलो. घरातल्या काकू म्हणाल्या, "सकाळपासून चार वेळा लाइट गेली रे. ते काढूनच टाक ना, आधी कुठे होतं?" मी वायरचे दोन तुकडे घेतले आणि वरच्या टर्मिनलमधून थेट खाली जोडून आरसीसीबी बायपास केला. लाइट आली. काकूंनी चहा दिला.

संध्याकाळी मिस्त्रींना हे सांगितलं, तर ते मला तसेच परत घेऊन गेले. मोरीतल्या गीझरचा प्लग काढून फेजची पिन आणि अर्थची पिन यांच्यात 500 व्होल्टचा मेगर (इन्सुलेशन तपासायचं मीटर) लावला. निदान 1 मेगाओहम दाखवायला हवं होतं, काटा शून्याला चिकटून राहिला. एलिमेंट फुटलं होतं. अर्थची वायर धड होती म्हणून गळणारा करंट तिकडून जात होता. ती प्लगमध्ये सुटली असती, तर ओल्या हाताने गीझरला हात लावणारं माणूस आणि करंट यांच्यामध्ये मी काहीच शिल्लक ठेवलं नव्हतं. ते आठवलं की अजून पोटात गोळा येतो.

नव्याने या लाइनीत येणाऱ्यांनी एवढा फरक आधी पक्का करावा: एमसीबी (करंट जास्त झाला की पडणारा स्विच) वायर सांभाळतो, आरसीसीबी माणूस सांभाळतो. 16 अँपिअरच्या एमसीबीला 30 मिलीअँपिअरची गळती जाणवतसुद्धा नाही, ती त्याच्या पाचशेव्या हिश्शापेक्षाही कमी. आरसीसीबीमध्ये मात्र फेज आणि न्यूट्रल (करंट परत नेणारी वायर) एकाच रिंगमधून जातात. जितका करंट गेला तितका परत आला नाही, की तो पडतो. उलट ओव्हरलोड त्याला कळत नाही, म्हणून एमसीबी लागतोच. आणि एमसीबी सारखा पडतो म्हणून 16 च्या जागी 32 चा बसवणं हीसुद्धा तितकीच घातक चूक. वायर तीच राहते, ती भिंतीत तापत राहते.

आता फॉल्ट शोधायची पद्धत. सगळे एमसीबी खाली करा, आरसीसीबी वर करा, मग एकेक एमसीबी चढवा. ज्याच्यावर पडेल त्या सर्किटचे प्लग काढून बघा. इथपर्यंत सगळ्यांना जमतं. नवीन मुलं फसतात ती न्यूट्रलवर. सिंगल पोल एमसीबी फक्त फेज तोडतो, न्यूट्रल जोडलेलाच राहतो. भिंतीत ओल येऊन एखाद्या बॉक्समध्ये न्यूट्रल अर्थला टेकला, तर त्या सर्किटचा एमसीबी खाली असूनही दुसऱ्याच खोलीतला पंखा लावल्यावर आरसीसीबी पडतो, आणि आपण उगाच पंखा उघडत बसतो. अशा वेळी मेन बंद करा, न्यूट्रल लिंकवरच्या (सगळे न्यूट्रल जोडलेल्या पट्टीवरच्या) वायरी एकेक सुट्या करा आणि प्रत्येक न्यूट्रल अर्थशी मेगर करा. उपकरणांचे प्लग आधी काढलेले हवेत. सुटी केलेली प्रत्येक वायर नंबर टाकून ठेवा, नाहीतर परत जोडताना गोंधळ होतो.

दोन आरसीसीबी असलेल्या डीबीत (एमसीबी-आरसीसीबीच्या पेटीत) तर दोन्हींचे न्यूट्रल लिंक वेगळे हवेत. एकाचा फेज आणि दुसऱ्याचा न्यूट्रल असं झालं, तर कुठेही गळती नसताना लोड टाकताक्षणी पडतो. रिनोव्हेशन झालेल्या फ्लॅटमध्ये मी आधी हेच तपासतो.

जुन्या चाळीत अर्थच नसेल तरी आरसीसीबी बसवावा. फक्त घरच्यांना स्पष्ट सांगायचं की गळती आधी कळणार नाही, कोणाचा हात लागेल तेव्हाच तो पडेल. म्हणून अर्थ करून घ्या. आणि एकाच वेळी फेज आणि न्यूट्रल दोन्ही धरले, तर आरसीसीबीलाही ते ओळखता येत नाही.

लालबागच्या त्या घरात मिस्त्रींनी माझे दोन्ही तुकडे काढले, आरसीसीबी पुन्हा जोडला आणि काकूंना स्वतः टेस्टचं बटण दाबायला लावलं. खटकन पडला तेव्हा त्या दचकल्या. "महिन्यातून एकदा असंच दाबायचं," मिस्त्री म्हणाले, "नाही पडला तर त्याच दिवशी फोन करा."