थंड पाण्यात कपडे धुण्यासाठी डिटर्जंट कसा निवडावा : ओंटारिओत नव्याने आलेल्यांसाठी

इथला पहिला हिवाळा सुरू झाला की न्हाणीघरातली खोबरेल तेलाची बाटली एके दिवशी थिजलेली दिसते. खोबरेल तेल सुमारे २४ अंश सेल्सिअसच्या खाली घट्ट होते, आणि उशीच्या अभ्र्यांत किंवा कॉलरीत मुरलेल्या तेलाचेही थंड पाण्यात तेच होते. टोरांटो आणि मिसिसागा परिसरात नळाला लेक ओंटारिओचे पाणी येते व ते भर हिवाळ्यात चार-पाच अंशांपर्यंत उतरते. भारतात आपण ज्याला गार पाणी म्हणतो, त्याच्याशी या पाण्याची तुलनाच होऊ शकत नाही, म्हणून तिकडच्या सवयीने घेतलेली पावडर इथे अनेकदा नीट विरघळत नाही आणि गडद रंगाच्या कपड्यांवर पांढरे चट्टे ठेवून जाते.

तरीही रोजचे कपडे थंड पाण्यातच धुवावेत, असे मी आग्रहाने सांगेन. गरम पाण्याच्या धुण्यात खर्च होणाऱ्या ऊर्जेचा सुमारे ९० टक्के भाग केवळ पाणी तापवण्यात जातो. शिवाय आपले सुती कुडते आणि ओढण्या थंड पाण्यात कमी आटतात व त्यांचा रंगही कमी जातो. मात्र त्यासाठी डिटर्जंट पारखून घ्यायला हवा. तो लिक्विड असावा, थंड पाण्यासाठी असल्याचा उल्लेख बाटलीवर असावा आणि त्यात एन्झाइम, म्हणजे डागातले घटक तोडणारी प्रथिने, असावीत. घाम व दुधाच्या डागांवर प्रोटीएज, भात-पिठाच्या डागांवर अमायलेज आणि तेल-तुपावर लायपेज काम करते. घटकांच्या यादीत सब्टिलिसिन हे नाव दिसले, तर ते प्रोटीएजच आहे असे समजावे. मशीन समोरून उघडणारे असेल, तर बाटलीवर ‘एचई’ (HE, म्हणजे हाय एफिशियन्सी) ही खूण असणे आवश्यक आहे, कारण अशा मशीनमध्ये पाणी कमी असते आणि जास्त फेस विसळला जात नाही.

रेशमासाठी आणि लोकरीसाठी मात्र हा डिटर्जंट कधीही वापरू नये. रेशीम आणि लोकर ही दोन्ही प्रथिनेच असल्यामुळे प्रोटीएज डागाबरोबर धाग्यालाही खाते. रेशमी ब्लाउज आणि लोकरीचे स्वेटर यांच्यासाठी एन्झाइम नसलेली छोटी बाटली वेगळी ठेवावी. पैठणी घरी धुऊच नये.

माझी आई पहिल्यांदा इथे राहायला आली, तेव्हा तिच्या उशीचे अभ्रे मी इतर कपड्यांबरोबर थंड पाण्यात धुतले आणि लगेच ड्रायरमध्ये टाकले. ते स्वच्छ दिसत होते, पण हाताला किंचित चिकट लागत होते आणि त्यांना खवट वास येत होता. तेल निघालेच नव्हते, आणि ड्रायरच्या उष्णतेने डाग पक्का होऊन बसला होता. तेव्हापासून मी तेलकट जागी लिक्विड डिटर्जंटचे चार थेंब कोरड्या कपड्यावरच चोळते, पंधरा-वीस मिनिटे थांबते आणि मगच कपडा मशीनमध्ये घालते. धुऊन झाल्यावर तो उजेडात धरून पाहते, आणि डाग गेल्याची खात्री होईपर्यंत ड्रायर वापरत नाही.

हळदीचा डाग साबणाने लाल होतो, हे आपल्याला लहानपणापासून ठाऊक आहे. पाणी अल्कधर्मी झाले की हळदीचा रंग बदलतो, इतकेच त्याचे कारण. हळदीवर एन्झाइमचा उपाय चालत नाही, पण तिचा रंग उन्हात उडतो, म्हणून धुतलेला ओला कपडा उन्हाच्या खिडकीशी वाळत घालावा. बाहेर बर्फ असले तरी काचेतून येणाऱ्या उन्हानेही डाग फिका होतो, फक्त दिवस जास्त लागतात.

किचनर, वॉटरलू, गुएल्फ या भागांत पाणी बरेचसे भूगर्भातले असल्याने जड, म्हणजे जास्त क्षार असलेले, आहे. घरात हे क्षार काढणारे यंत्र, म्हणजे वॉटर सॉफ्टनर, नसेल, तर तिथे टोपणातली मात्रा थोडी वाढवावी लागते. टोरांटोत मात्र टोपणावरच्या सर्वांत खालच्या रेषेपेक्षा जास्त डिटर्जंटची सहसा गरज पडत नाही. पॉड (विरघळणाऱ्या आवरणातली डिटर्जंटची छोटी पुडी) वापरत असाल, तर तो आधी रिकाम्या ड्रममध्ये तळाशी ठेवून त्यावर कपडे घालावेत, नाहीतर थंड पाण्यात त्याचे आवरण अर्धवट विरघळून कपड्याला चिकटते.

आजारी माणसाची अंथरुणे आणि बाळाचे लंगोट गरम पाण्यातच धुवावेत. सतत थंड पाण्यावर चालणाऱ्या मशीनमध्ये चिकट थर साचून कुबट वास येतो, म्हणून महिन्यातून एकदा रिकामे मशीन सर्वांत गरम पाण्यावर चालवावे, दाराच्या रबराची घडी उलगडून पुसून घ्यावी आणि दार थोडे उघडे ठेवावे.