सायकलला लॉक लावताना या चुका टाळा

सकाळी सोसायटीच्या पार्किंगमध्ये गेलो तर ग्रिलला नुसतं पुढचं चाक लटकत होतं, लॉक जसंच्या तसं, आणि बाकीची सायकल गायब. चाकाला क्विक रिलीज होतं, खटका ओढून थोडं सैल केलं की चाक हातात, चोराला पानासुद्धा लागला नाही. मी लॉक फक्त चाकातून घातलं होतं, हीच चूक नडली.

लॉक फ्रेममधून गेलंच पाहिजे. फ्रेम, मागचं चाक आणि जमिनीत पक्का रोवलेला खांब, तिन्ही एकत्र बांधा, मागचंच चाक कारण गिअर तिकडे असतात आणि ते महाग पडतं, पुढच्याला वेगळी केबल चालेल. खांब आधी हलवून बघा. बुटका असेल तर तुमची सायकल लॉकसकट वरून उचलून काढता येते हो!

आता केबल लॉक. वरचं जाड प्लास्टिक बघून दणकट वाटतं पण आत बारीक तारांचा पीळ असतो, चांगल्या कटरपुढे काही सेकंदही टिकत नाही. पंचवीस हजारांची सायकल आणि दोनशेचं लॉक, कृपा करून असं नका करू. यू-लॉक, म्हणजे इंग्रजी U आकाराच्या जाड दांड्याचं लॉक घ्या, तेही लहान, म्हणजे आत पहार घालून फाकवायला जागाच राहत नाही. नळीसारख्या गोल किल्लीचं जुनं लॉक असेल तर बदला, २००४ मध्ये अमेरिकेत अशी लॉकं पेनाच्या प्लास्टिकच्या नळीने उघडतात हे उघड झालं आणि क्रिप्टोनाइट कंपनीला ती बदलून द्यावी लागली होती.

नंबर लॉकवाले घाईत फक्त शेवटचा आकडा फिरवतात, मग चोराला जास्तीत जास्त दहा प्रयत्न. सगळे आकडे फिरवा.

पावसाळ्यात लॉक अडकलं तर किल्ली जोर लावून पिळू नका, तुटून आतच राहते. हलक्या तेलाचे दोन थेंब सोडा, पाच मिनिटं थांबा, किल्ली हळूहळू आतबाहेर करा. लावताना किल्लीचं भोक खाली ठेवलं तर पाणी कमी जातं.

आणि आजच सायकल उलटी करून पायडलच्या मधल्या जोडाखाली कोरलेला फ्रेम नंबर बघा, त्याचा आणि बिलाचा फोटो काढून ठेवा. तक्रार द्यायला गेलो तेव्हा मला पहिला प्रश्न नंबरचाच विचारला, आणि माझ्याकडे सायकलचे डोंगरावरचे चाळीस फोटो होते, नंबर एकाही फोटोत नव्हता.