घातांकाच्या सूत्रातील कंसाचे महत्त्व : माझा अनुभव

सोलापुरातील एका चादर कारखान्याचे हिशेब मी एक्सेलमध्ये ठेवतो. विक्री दरवर्षी वाढत असतानाही पूर्वीपासून चालत आलेल्या तक्त्यात वार्षिक सरासरी वाढ उणे दिसत होती, म्हणून आकडे तपासण्याआधी मी सूत्रच उघडून पाहिले.

पाच वर्षांत १,००,००० रुपयांचे १,६१,०५१ रुपये झाले, असे उदाहरण घेऊ. तक्त्यातील सूत्राचा साचा =(१६१०५१/१०००००)^१/५-१ असा होता. यातील ^ हे घाताचे चिन्ह आहे आणि एक्सेल भागाकारापूर्वी घात काढते. त्यामुळे पाच वर्षांच्या वाढीवरून वार्षिक दर काढण्यासाठी लागणारे पाचवे मूळ येथे निघतच नाही, तर १.६१०५१ चा पहिला घात घेऊन त्याला पाचने भागले जाते आणि उत्तर सुमारे उणे ६७.८ टक्के येते. घातांकाला स्वतंत्र कंस देऊन =(१६१०५१/१०००००)^(१/५)-१ असे लिहिताच १० टक्के हे अचूक उत्तर मिळाले. घात काढण्यासाठी एक्सेलमध्ये असलेल्या पॉवर (POWER) फंक्शनमध्ये पाया आणि घात स्वल्पविरामाने वेगळे होतात, त्यामुळे ही गफलत तेथे सहसा होत नाही. दुसऱ्यांच्या हाती जाणाऱ्या तक्त्यात मी तेच वापरावे असे म्हणेन.

ऋण चिन्हाकडे मात्र अधिक लक्ष द्यावे लागते. =-३^२ चे उत्तर एक्सेल ९ देते, कारण सुरुवातीचे ऋण चिन्ह ते घातापूर्वी लावते; गणिताच्या रूढ संकेतानुसार मात्र ते उणे ९ असते. पण =१-३^२ चे उत्तर उणे ८ येते, कारण तेथील चिन्ह वजाबाकीचे आहे. उणे ९ हवे असल्यास =-(३^२) असेच लिहावे.