रस्टमधली क्लोजर: या चुका टाळा

रस्ट या प्रोग्रामिंग भाषेत क्लोजर म्हणजे आजूबाजूची व्हेरिएबल पकडू शकणारं निनावी फंक्शन. कंपायलर अडला की त्याच्यापुढे 'मूव्ह' (पकडलेल्या व्हेरिएबलची मालकी आत नेणारा शब्द) लावून बघायचं, ही सवय आधी सोडा. थ्रेड स्पॉनला (नवा थ्रेड सुरू करणाऱ्या फंक्शनला) दिलेलं क्लोजर बाहेरचं व्हेरिएबल उसनं घेत असेल, म्हणजे मालकी न घेता वापरत असेल, तर कंपायलरची ई०३७३ क्रमांकाची एरर येते. थ्रेड फंक्शनपेक्षा जास्त जगू शकतो, त्यामुळे तिथे मूव्ह हवाच. (थ्रेड फंक्शनच्या आतच संपणार असतील, तर रस्ट १.६३ पासून थ्रेड स्कोप आहे. त्यात उसनवारी चालते.)

इतरत्र मूव्ह घात करू शकतो. समजा, बाहेर आय३२ (३२ बिटी पूर्णांक) प्रकारचा गणक ० आहे आणि मूव्ह लावलेलं क्लोजर त्यात १ मिळवतं. तीनदा बोलावलं तरी बाहेरचा गणक ०च राहतो, कारण आय३२ कॉपी होतो आणि वाढते ती आतली प्रत. एरर नाही, फार तर वॉर्निंग! इथे मूव्ह काढा आणि क्लोजर ज्या नावात ठेवलंय तेही लेट म्यूट (बदलता येणारं) करा, नाहीतर ई०५९६ येईल. गणक छापायचा तो क्लोजरच्या शेवटच्या वापरानंतर. आधी छापलात तर ई०५०२.

आर्कची (अनेक थ्रेडना एकच मूल्य वाटून देणाऱ्या पॉइंटरची) गंमत उलटी. त्याचा क्लोन (त्याच मूल्याकडे बोट दाखवणारा दुसरा आर्क) मूव्ह क्लोजरच्या आत केला तर उपयोग शून्य, कारण मूळ आर्क तोवर आत गेलेला असतो आणि बाहेर पुन्हा वापरताच ई०३८२ येते. क्लोन आधी करा, तोच आत पाठवा.

मूव्ह लावला की क्लोजर एफएनवन्स (एकदाच बोलावता येणारं) होतं, हाही गैरसमजच. आत आलेली स्ट्रिंग नुसती वाचली तर ते एफएनच (काही न बदलता कितीही वेळा बोलावता येणारं) राहतं. ती ड्रॉप केली किंवा परत दिली, तर मात्र एकदाच बोलावता येतं आणि एफएन मागणाऱ्या फंक्शनला दिल्यावर ई०५२५ येते. स्वतःचं फंक्शन लिहिताना मागणी कमीत कमी ठेवा: एकदाच बोलावणार असाल तर एफएनवन्स, अनेकदा तर एफएनम्यूट (पकडलेलं बदलू शकणारं). एफएन मागायचं ते खरंच गरज असेल तेव्हाच.

इफच्या दोन फांद्यांतून बाहेरचं काही पकडणारी वेगवेगळी क्लोजर परत देताना इम्पल एफएन (परतीचा एकच, नाव न सांगितलेला प्रकार) चालत नाही. शब्दशः सारखी दिसणारी दोन क्लोजरसुद्धा वेगळ्या प्रकारांची असतात. तिथे बॉक्स डिन एफएन (वेगवेगळ्या प्रकारांची क्लोजर झाकून ठेवणारी पेटी) वापरा.

मॅप (यादीतल्या प्रत्येक घटकावर क्लोजर चालवणारी पद्धत) लिहिला पण काहीच घडलं नाही? इटरेटर (घटक एकेक करून देणारा) आळशी असतो, मागितल्याशिवाय काम करत नाही. पुढे कलेक्ट किंवा सम हवं. नुसतं छापायचं असेल तर सरळ फॉर लूप. अनरॅप ऑर (मूल्य नसेल तर पर्यायी मूल्य देणारी पद्धत) मात्र उतावळा: त्यातलं महागडं फंक्शन गरज नसतानाही चालतं. तिथे अनरॅप ऑर एल्स घ्या, तो क्लोजर घेतो आणि गरज पडली तरच चालवतो.