मुलांचा रंगीत नाश्ता : सोडा, घाई आणि बाकीच्या चुका

"काकू, बिटाच्या इडल्या तपकिरी झाल्या. आता काय घालू?"

हा फोन मला महिन्यातून दोन-तीनदा तरी येतो आणि तो नेहमी सकाळी सात-सव्वासातलाच असतो. स्कूलबस यायची वेळ झालेली असते, पोर एका पायात मोजा घालून उभं असतं आणि डब्यात भरायला समोर विटकरी रंगाच्या इडल्या. त्या वेळी काहीही घालून उपयोग होत नाही. खरं तर काहीतरी जास्तीचं घातल्यामुळेच ते बिघडलेलं असतं.

डोंबिवलीत मी बारा वर्षं पाळणाघर चालवते. दोन ते आठ वर्षांची पंचवीस-तीस मुलं सकाळचा नाश्ता माझ्याकडे करतात. बाटलीतला रंग माझ्या स्वयंपाकघरात येत नाही. त्यामुळे बीट, पालक, गाजर, हळद, गोकर्ण यांच्याशी माझी रोजची गाठ आहे. प्रत्येकाचा एक स्वभाव आहे आणि तो ओळखायला फार अक्कल लागत नाही, थोडा धीर लागतो. तो धीर नसलेली माणसं एकाच आठवड्यात सात दिवसांचे सात रंग करायला निघतात आणि बुधवारी दमून पुन्हा बिस्किटांवर येतात. हे बघून मला खरंच वाईट वाटतं, कारण नुकसान मुलांचं होतं.

बिटात सोडा

सगळ्यात जास्त होणारी चूक हीच.

एक गोष्ट आठवून बघा. बिटाची दह्यातली कोशिंबीर सकाळी केली तर रात्रीपर्यंत गुलाबीच राहते. मग तेच बीट इडलीत पंधरा मिनिटांत का विझतं? कोशिंबिरीत दही असतं, म्हणजे आंबट, आणि ती गार असते. बिटाचा रंग आंबटात टिकतो, उष्णतेने उतरतो, आणि सोड्यासारखा आम्लारी पदार्थ जास्त झाला की लाल सोडून पिवळट-तपकिरीकडे झुकतो. आपण नेमकं उलटं करतो. झटपट रव्याचं पीठ कालवतो, त्यात बिटाची प्युरी घालतो, फुगावं म्हणून चमचाभर सोडा टाकतो आणि मोठ्या इडल्या वीस मिनिटं उकडतो. इतकं सगळं झाल्यावर रंग राहील कसा?

मी काय करते ते सांगते. पीठ रात्रभर नीट आंबवलेलं घेते. त्याचा आंबटपणा बिटाला सांभाळून घेतो, सोड्याची गरजच पडत नाही. कच्चं बीट किसून दोन चमचे पाणी आणि पाच-सहा थेंब लिंबू घालून वाटते, पातळ फडक्यातून पिळून रस काढते. हा रस पिठात घालायचा तो साचा वाफेवर ठेवायच्या अगदी आधी, रात्री नव्हे. आणि इडल्या नेहमी बटण-इडलीच्या साच्यात करते. त्या सहा-सात मिनिटांत होतात, मोठ्या इडलीला दहा-बारा लागतात. हा पाच मिनिटांचा फरक रंगात स्वच्छ दिसतो.

एवढं करूनही इडली फिकट गुलाबीच होते. गडद राणी रंग हवा असेल तर उकडण्याचा नाद सोडा आणि रंग बाहेर ठेवा. ओल्या खोबऱ्याच्या चटणीत कच्च्या बिटाचे दोन तुकडे वाटले की पांढऱ्या इडलीशेजारी असा रंग येतो की मुलं आधी चटणीत बोट बुडवतात.

जास्त बीट घालून रंग वाढवू नका. बिटाला स्वतःचा मातकट वास असतो आणि मुलांना तो मोठ्यांच्या आधी कळतो.

माझा १५ ऑगस्ट

हे मी दरवर्षी नव्या आयांना सांगते, कारण यात तीन चुका एकत्र आहेत आणि तिन्ही मीच केल्या होत्या.

पाळणाघराचं दुसरं वर्ष. झेंडावंदनानंतर पालक मुलांसोबत नाश्त्याला थांबणार होते, चाळीसेक माणसं. मी तिरंगी इडली करायची ठरवली. ढोकळ्याच्या ताटलीत तीन थर, खाली पालकाचा हिरवा, मध्ये पांढरा, वर गाजराचा केशरी. आदल्या रात्री पाऊस, गारठा, त्यात डाळ-तांदूळ दोनच तास भिजलेले. पहाटे चारला झाकण काढलं तर पीठ जसंच्या तसं. पोटात गोळा आला. मी सोडा घातला. केशरी रंग फिकट वाटला म्हणून गाजराच्या पिठात पाऊण चमचा हळद घातली आणि त्यावरच वरून सोडा भुरभुरला.

हळद आणि सोडा एकत्र आले की काय होतं ते आपल्या आज्यांना ठाऊक होतं. हळदीला चुन्याची जोड देऊनच तर कुंकू करतात. माझा वरचा थर विटेसारखा लाल झाला आणि जिथे सोडा नीट मिसळला नव्हता तिथे गडद ठिपके उठले. चार वर्षांच्या एका मुलीने त्यावर बोट ठेवून विचारलं, "काकू, यावर कुंकू सांडलं का?" तिचं बरोबर होतं. रसायन तेच होतं.

खालचा हिरवा थर त्याहून वाईट. तिरंग्यात हिरवा खाली, म्हणून तो आधी ओतला आणि आधी उकडला. मग पांढरा ओतून पुन्हा वाफ, मग केशरी ओतून तिसऱ्यांदा वाफ. वरचा थर आठ मिनिटं शिजला आणि पालक जवळजवळ पंचवीस मिनिटं वाफेत होता. हिरवेपणा देणाऱ्या हरितद्रव्याच्या मध्यभागी मॅग्नेशियमचा एक अणू असतो. उष्णता आणि आंबटपणा मिळून तो काढून टाकतात आणि हिरव्याचा वाळलेल्या मेंदीसारखा रंग होतो. बाजूने कापल्यावर जे दिसलं त्याला तिरंगा म्हणवेना. पालकांनी समजून घेतलं, मुलांनी अर्धवट खाल्लं. मी त्या दिवशी रडले, कारण झेंड्याचे रंग होते ते.

आता मी १५ ऑगस्टला काय करते? पांढरा थर सहा मिनिटं, त्यावर गाजराचा थर सहा मिनिटं, बस. हिरवा रंग वाफेत जातच नाही. कोथिंबीर-पुदिना-खोबऱ्याची चटणी करून ती ताटलीत खाली पसरते आणि त्यावर इडलीचे चौकोन मांडते. चटणीत लिंबू वाढायच्या वेळीच पिळते, कारण लिंबू घालून तासभर ठेवली की तीही काळवंडायला लागते.

गाजरात हळद नाही. गाजराचा रंग पाण्यात फारसा उतरत नाही, तुपातेलात उतरतो. किसलेलं गाजर चमचाभर साजूक तुपावर मंद आचेवर चार-पाच मिनिटं परता, तूप केशरी झालं की मग वाटा. तेच गाजर, पण दुप्पट रंग. हा रंग वाफेलाही घाबरत नाही. सगळ्या भाज्यांत हा सगळ्यात समजूतदार.

आणि पीठ फुगलं नाही तर त्या दिवशी इडली नाही. पावसाळ्यात डाळ-तांदूळ पाच-सहा तास भिजवा, वाटताना मूठभर भिजवलेले पोहे आणि चमचाभर मेथीदाणे घाला, पातेलं गोधडीत गुंडाळून बारा-चौदा तास ठेवा. तरीही नाही आलं तर उपमा करा. सोड्याने वेळ मारून नेता येते हे ज्याने पहिल्यांदा शिकवलं त्याने आपल्या नाश्त्याचं मोठं नुकसान केलं, असं माझं स्पष्ट मत आहे.

आधी रंग, मग पदार्थ

बहुतेकजणी "आज हिरवं करू" असं ठरवतात आणि मग काहीही करतात. मी उलटं जाते. पदार्थ आंबट आहे की नाही, तव्यावर होणार की वाफेवर, हे आधी.

पालकाला आंबवलेलं पीठ नको. त्याला मुगाचं धिरडं द्या. मूग भिजवून वाटायचे, आंबवायचे नाहीत, तव्यावर दोन-तीन मिनिटांत धिरडं तयार. पालक उकळत्या पाण्यात मिनिटभरच, झाकण न ठेवता. झाकण ठेवलं की पानांतून निघणारा आंबटपणा वाफेबरोबर पातेल्यातच फिरत राहतो. लगेच बर्फाच्या पाण्यात टाका, पिळा, वाटा. काहीजणी उकळत्या पाण्यात चिमूटभर सोडा टाकतात. पालक हिरवागार दिसतो खरा, पण पानं बुळबुळीत होतात आणि जीवनसत्त्वंही जातात. मुलांना पालक द्यायचा तो कशासाठी, हे त्या चिमटीत विसरलं जातं.

पालकाच्या पुऱ्या चालतात, बिटाच्या पुऱ्या मी करत नाही. कढईतून तपकिरी होऊनच निघतात. बिटाचा पराठा मध्यम आचेवर, कमी उलटसुलट करून जमतो.

पिवळ्या-केशरीसाठी तर नवीन काही शोधायची गरजच नाही. लाल भोपळ्याचे घारगे आपल्याकडे किती पिढ्या चालत आले आहेत. भोपळा, गूळ, कणीक, किंचित मीठ. गरम घारगा मधून मोडला की आतली केशरी वाफ बाहेर येते, त्यावर तुपाचा ठिपका सोडा. कुठल्याही व्हिडिओतल्या पॅनकेकपेक्षा सुंदर.

लाल कोबीचा रस सोडा घातलेल्या पिठात घालू नका, निळा-हिरवा होतो.

गोकर्ण

निळ्या गोकर्णाची फुलं कोकणात कुंपणाकुंपणावर असतात, शहरात कुंडीत सहज येतात. चूक इतकीच की लोक ती हिरव्या देठासकट उकळतात आणि पाणी गढूळ होतं. देठाकडचा हिरवा भाग काढा, आठ-दहा फुलं अर्धा कप कडक पाण्यात दहा मिनिटं बुडवा, गाळा. उकळायचं नाही. फुलं घरची घ्या किंवा औषध न फवारलेली.

या पाण्यात जाडे पोहे भिजवले आणि फोडणीत हळद टाकली नाही तर निळे पोहे होतात. सवयीने हळद पडली तर हिरवे होतात, निळा अधिक पिवळा. मी प्रत्येकाच्या बशीत लिंबाची फोड ठेवते. मुलं स्वतः पिळतात आणि जिथे रस पडतो तिथे निळ्याचं जांभळं होतं. पहिल्यांदा हे केलं तेव्हा कधीच पोहे न खाणारा एक मुलगा दाणा-दाणा करून सगळी बशी जांभळी करत बसला आणि मग त्याने ती खाल्ली. हे काम मोठ्यांनी ओट्यावरच उरकून टाकू नये. रंग बदलताना मुलांच्या डोळ्यांसमोर बदलला पाहिजे.

छोट्या, पण महाग पडणाऱ्या

बीट दिल्याचं मुलाच्या आईला न सांगणं. काही मुलांना बीट खाल्ल्यावर लघवी गुलाबी होते, शीही लालसर होते. एकदा मी सांगायला विसरले आणि संध्याकाळी एका घाबरलेल्या आईचा फोन आला, ती रिक्षात बसून दवाखान्यात निघाली होती. तेव्हापासून बिटाच्या दिवशी मी सकाळीच सगळ्यांना निरोप टाकते.

नाचणीच्या डोशाला "चॉकलेट डोसा" म्हणणं. मूल एकदा फसतं, दुसऱ्यांदा तुमच्या ताटावरच विश्वास ठेवत नाही. नाचणी म्हणा. भिजवायला, वाटायला, ओतायला हाताशी घ्या. ज्याने पीठ ढवळलं तो खातो, हे मी बारा वर्षं बघते आहे.

वर्षाच्या आतल्या बाळाच्या रंगीत खिमटीत गोडीसाठी मध घालू नका, थेंबभरही नाही. त्यातून बाळाला बोट्युलिझमचा, म्हणजे जिवाणूंच्या विषामुळे होणाऱ्या गंभीर आजाराचा, धोका असतो.

एका ताटात पाच रंग मांडणं. दोन पुरे. लहान मूल गोंधळतं आणि पांढरं काय आहे ते शोधून तेवढंच खातं.

आणि पाकिटातली "नैसर्गिक रंगाची" भुकटी. पुढची बाजू वाचू नका, पाकीट उलटं करा आणि घटकांची यादी वाचा. तिथे रंगाच्या नावाऐवजी बऱ्याचदा आयएनएस, म्हणजे खाद्यपदार्थांत मिसळायच्या घटकांना दिलेला आंतरराष्ट्रीय क्रमांक, असतो. आयएनएस १६२ म्हणजे बिटाचा लाल, १०० म्हणजे हळदीतलं कुर्कुमिन, १६३ म्हणजे जांभूळ-द्राक्षांत असतो त्या गटातला रंग. पण १०२, ११०, १२२, १२४ दिसले तर ते टार्ट्राझिन, सनसेट यलो, कार्मोइसिन आणि पाँसो फोर आर, चारही कृत्रिम. आपल्याकडे ठरावीक पदार्थांत ठरावीक प्रमाणात त्यांना परवानगी आहे, पण मग ते बीट किंवा हळद समजून मुलाला देऊ नका. हे आकडे मी एका चिठ्ठीवर लिहून पैशांच्या पाकिटात ठेवले आहेत, दुकानात चष्मा लावून पाकीट उलटं करते आणि चिठ्ठीशी ताडून बघते.