भूक नसताना खाण्याची उबळ: मला कशाचा उपयोग झाला

रात्री घर शांत झालं की मला खायची उबळ यायची. भूक नसायची, पण आत काहीतरी दाटून आलेलं असायचं. उभ्या उभ्याच, चवही न कळता, पाकीट रिकामं व्हायचं. दुसऱ्या दिवशी भरपाई म्हणून उपाशी राहणं, आणि रात्री पुन्हा तेच.

समुपदेशक ताईंनी आधी ते उपाशी राहणंच थांबवलं. आदल्या रात्री कितीही खाल्लेलं असो, दर तीन-चार तासांनी नीट बसून खायचं. सगळ्यात जास्त फरक यानेच पडला. दिवसभर अर्धपोटी ठेवलेलं शरीर रात्री ऐकतच नाही.

शिवाय वही. खाण्याआधी मनात काय चाललंय ते लिहायचं: 'साहेब सगळ्यांसमोर बोलले. गप्प बसले. राग.' मला एकटेपणा वाटायचा, पण वहीत बहुतेकदा रागच निघाला. उबळ चढते तशी ओसरतेही. तोवर मी खोली बदलते, बहिणीला फोन लावते.

हा इच्छाशक्तीचा दोष नाही. 2013 सालच्या डीएसएम-5 मध्ये, म्हणजे अमेरिकेतल्या मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेच्या निदान-पुस्तिकेत, ताबा सुटून वारंवार भरमसाट खाण्याला (बिंज ईटिंग) स्वतंत्र आजार मानलं आहे. असं खाणं आठवड्यातून एकदा तरी, 3 महिने होत असेल, तर मानसोपचारतज्ज्ञांना जरूर भेटा.