डेझी ब्युकॅननचं विश्लेषण कसं करावं : श्रीमंत नायिका वाचण्याची एक पद्धत

एफ. स्कॉट फिट्झेराल्ड यांची १९२५ साली आलेली ‘द ग्रेट गॅट्सबी’ वाचून संपली की बहुतेक वाचक तिच्या नायिकेवर, डेझीवर, चिडलेले असतात. राग समजण्यासारखा आहे. पण त्याच रागात लिहायला बसलं की लिखाण चार वाक्यांत आटोपतं: ती उथळ, ती लोभी, तिने तिच्यावर प्रेम करणाऱ्या गॅट्सबीचा घात केला. डेझीला याहून जास्त न्याय मिळायला हवा, आणि तो देण्यासाठी तिला निर्दोष ठरवण्याची गरज नाही. कादंबरी एकदा पूर्ण वाचलेली असावी. नऊच प्रकरणं आहेत. मग वही घेऊन दुसऱ्यांदा वाचायला बसा.

पायरी १ : हे कोण सांगतंय?

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. वहीच्या पानावर तीन रकाने आखा: डेझी स्वतः काय बोलते, ती काय करते, आणि इतर लोक तिच्याबद्दल काय म्हणतात. तिसरा रकाना भराभर भरेल, कारण कादंबरीचा निवेदक निक कॅरावे हा तिचा दूरचा भाऊ आहे आणि तिच्या नवऱ्याचा, टॉमचा, कॉलेजमधला ओळखीचा. डेझी आपल्याला दिसते ती त्याच्या नजरेतून.

लुईव्हिल या अमेरिकन शहरातल्या तिच्या तरुणपणाचा एकही प्रसंग आपल्यासमोर थेट घडत नाही. लग्नाच्या आदल्या रात्री ती दारू प्यायली होती, हातात एक पत्र घट्ट धरून होती आणि लग्नच नको म्हणत होती, हे चौथ्या प्रकरणात तिची मैत्रीण जॉर्डन बेकर सांगते. त्याच जॉर्डनला निकने तिसऱ्या प्रकरणात खोटारडी म्हटलेलं आहे. म्हणून प्रसंग टाकून द्यायचा नाही. फक्त त्याच्यापुढे ‘जॉर्डनच्या सांगण्यानुसार’ असं लिहायचं.

टॉमची प्रेयसी मर्टल विल्सन ज्यात मरते त्या अपघाताचंही तसंच. पिवळी गाडी डेझी चालवत होती, हे निकला आणि आपल्याला गॅट्सबीकडून कळतं. त्या रात्री ती आणि टॉम स्वयंपाकघरातल्या टेबलाशी समोरासमोर बसलेले असतात. मध्ये थंड तळलेलं चिकन आणि बिअरच्या दोन बाटल्या. निक हे खिडकीतून पाहतो. आत काय बोलणं चाललंय ते त्याला ऐकू येत नाही, तरी दोघांचं संगनमत चालल्यासारखं वाटतं, असं तो लिहितो. बाटल्या पहिल्या दोन रकान्यांच्या जवळच्या, संगनमत तिसऱ्यातलं. एवढा एक भेद पाळला तरी लेखाची पातळी बदलते.

पायरी २ : घटना काळानुसार लावा

कादंबरी मागेपुढे उड्या मारते, म्हणून एक साधी रेघ ओढून घ्या. १९१७ : अठरा वर्षांची डेझी फे (हे तिचं माहेरचं आडनाव) आणि सैन्यातला तरुण अधिकारी गॅट्सबी. जून १९१९ : शिकागोच्या टॉम ब्युकॅननशी लग्न, आदल्या दिवशी भेट म्हणून साडेतीन लाख डॉलर्सचा मोत्यांचा हार. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये टॉमच्या गाडीचा अपघात होतो आणि सोबत हॉटेलातली एक नोकर मुलगी होती, हे वर्तमानपत्रात छापून येतं. पुढच्या एप्रिलमध्ये मुलगी. मुख्य कथानक १९२२ च्या उन्हाळ्यातलं.

आता हिशेब करा: कथानकात डेझी साधारण तेवीस वर्षांची आहे. नवऱ्याचं वागणं तिला लग्नाच्या पहिल्या वर्षापासून ठाऊक आहे. मुलगी मूर्ख निघावी, सुंदर आणि मूर्ख, असं ती पहिल्या प्रकरणात म्हणते, ते वाक्य या रेघेवर ठेवून पुन्हा वाचा. एरवी ते नखरा वाटतं. इथे ते अनुभवातून आलेलं वाटतं. निकला मात्र त्यात खोटेपणा जाणवतो, आणि तीही नोंद करायला हवी.

पायरी ३ : पैसा कुणाचा?

‘श्रीमंत स्त्री’ म्हणताना संपत्ती कुठून आली हे विचारायलाच हवं. डेझीच्या हयातीत तीन पुरुषांचा पैसा येतो: वडिलांचा, टॉमचा पिढीजात, आणि गॅट्सबीचा दारूबंदीच्या काळातल्या बेकायदा धंद्यातला. तिची स्वतःची कमाई कुठेच दिसत नाही. तुलनेला जॉर्डन घ्या. ती गोल्फपटू आहे, एकटी हिंडते, स्वतःचं नाव कमावते. म्हणजे त्या काळी दुसरी वाट अगदीच बंद नव्हती.

तिच्या आवाजात पैसा भरलेला आहे, हे प्रसिद्ध वाक्य गॅट्सबीचं आहे. निबंधांमध्ये ते सर्रास निकच्या किंवा लेखकाच्या नावावर खपवलं जातं. ते गॅट्सबीने म्हणावं यातच त्याचा अर्थ आहे: त्याला डेझी आणि तिचं घराणं वेगळं करता येत नाही.

पायरी ४ : एकच प्रसंग बारकाईने वाचा

माझी निवड सातव्या प्रकरणातली, प्लाझा हॉटेलमधली दुपार. टॉमवर कधीच प्रेम नव्हतं असं तिने म्हणावं, हा गॅट्सबीचा आग्रह. ती म्हणतेही, पण अडखळत, आणि लगेच मागे घेते: तू फार मागतोस, मी त्याच्यावर कधीतरी प्रेम केलं होतं, पण तुझ्यावरही. संपूर्ण कादंबरीत मला हे तिचं सर्वांत प्रामाणिक बोलणं वाटतं. समोरच्या दोघांनाही तिच्याकडून अख्खा भूतकाळ हवा आहे आणि ती त्यांच्यातल्या कुणालाच तो पूर्ण देत नाही.

पायरी ५ : विधान लिहा आणि त्याला उलट पुरावा द्या

एका वाक्यात आपलं मत मांडा. उदाहरणार्थ: ‘डेझीला स्वतःच्या पैशावर हक्क नाही, पण त्या पैशाचं संरक्षण तिला आहे, आणि निर्णायक क्षणी ती तेच निवडते.’ मग या वाक्याला सर्वांत जड जाणारा प्रसंग शोधा. मर्टल विल्सन मरते, गाडी थांबत नाही. नवव्या प्रकरणातही टॉम गॅट्सबीलाच दोषी धरतो आणि निक गप्प राहतो. गॅट्सबीच्या अंत्यविधीला डेझीकडून ना निरोप येतो ना फूल. ‘संरक्षण’ हा शब्द मर्टलच्या बाजूने वाचल्यावर पुरेसा वाटतो का? वाटत नसेल तर विधान बदला, आणि बदलण्याचं कारण लेखातच लिहा.